हस्तरचं नाणं आणि अण्णांची वही

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज केले होते की एक भाग भुताखेतांवर, जादूटोण्यावर कर. मी टाळत होतो. म्हणजे भूत या विषयाचं मला वावडं नाही, उलट लहानपणी धारप वाचूनच रात्री चाळीच्या संडासापर्यंत जायची फाटायची. पण एक गोष्ट डोक्यात होती, ती सांगायची की नाही हे ठरत नव्हतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, नाव नको घेऊस, बाकी सांग. तर नाव घेत नाही.

सुरुवात 'तुंबाड'पासून करतो. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबा, आधी बघून या. कारण मी शेवट सांगणार आहे.

'तुंबाड' पहिल्यांदा आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. तेव्हा फार कुणी पाहिला नाही. मग ओटीटीवर लोकांनी पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो परत थिएटरात लागला. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. असं आपल्याकडे क्वचित होतं. मी बाबांना घेऊन कल्याणला गेलो. बाबा थिएटरात जात नाहीत. तिकीट किती म्हणून विचारतात आणि मग घरीच बसतात. पण "कोकणातलं आहे, जुन्या काळचं आहे, पाऊस आहे" असं सांगून नेलं.

गोष्ट थोडक्यात. समृद्धीच्या देवीकडे दोन गोष्टी, सोनं आणि अन्न. तिचा पहिला मुलगा हस्तर. त्याला दोन्ही हवं. सोनं त्याने घेतलं, अन्नाला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने वाचवलं, पण अट अशी की याची पूजा कुणी करायची नाही, याचं नाव कुठे राहणार नाही. तुंबाडच्या एका घराने नेमकं ते केलं, त्याचं देऊळ बांधलं. त्या घरातला मुलगा विनायक. १९१८ मध्ये तो लहान असतो. पंधरा वर्षांनी मोठा होऊन परत येतो, शाप लागून झाडासारख्या झालेल्या म्हातारीकडून वाड्याचं गुपित काढून घेतो. वाड्याखाली हस्तर आहे, त्याच्या लंगोटात सोन्याची नाणी आहेत. दोरीने खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली फेकायची. हस्तर जन्माचा भुकेला, तो बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात लंगोट ओढायचा, चार नाणी पडतील ती गोळा करायची आणि वर पळायचं. त्याने शिवलं तर तुम्ही संपलात. म्हणजे मरतही नाही, ते आणखी वाईट.

आता गंमत बघा. विनायकला एका फेरीत मूठभरच नाणी मिळतात. पुण्याला जायचं, विकायची, उडवायची, संपली की परत तुंबाड. परत पाऊस, परत दोरी. लोक म्हणतात हा लोभाचा सिनेमा आहे. आहेच. पण मला दुसऱ्यांदा बघताना सोहम शाहच्या चेहऱ्यावर वेगळंच दिसलं. वर आल्यावर तो नुसता श्रीमंत झालेला माणूस नसतो. जे कुणाला जमत नाही ते आपल्याला जमतं, असं वाटणारा माणूस असतो. पुण्यातला तो सावकार राघव त्याच्या मागे लागतो, कुठून आणतोस, कुठून आणतोस. विनायक सांगत नाही. न सांगण्यात त्याला जी मजा येते ना, ती नाण्यात नाही.

आणि मग तो आपल्या मुलाला शिकवायला लागतो. पांडुरंग. एका पायाने लंगडा. दोरीवर चढायची तालीम, बाहुली कधी टाकायची, किती वेळ थांबायचं. बाप म्हणून प्रेमानेच शिकवतो, हे सगळ्यात भयंकर. शाप रक्तातून येतो असं आपण म्हणतो, पण इथे तो शिकवणीतून येतो. सुतार मुलाला रंधा धरायला शिकवतो, तसा.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण या गोष्टीचीही एक वंशावळ आहे आणि ती मला फार आवडते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'हमिदाबाईची कोठी'वाले लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली, तिथून हे बीज पडलं. धारपांची ती गोष्ट, 'आजी', मूळची स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून घेतलेली. किंगच्या गोष्टीत एक लहान मुलगा घरात एकटा, सोबत मरायला टेकलेली आजी, आणि आजी चेटकीण. शेवटी आजी जाते आणि तिची विद्या मुलात उतरते. तो बिघडायला तिथेच सुरुवात होते. आणि तुंबाड हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, तीही चार पिढ्यांची कादंबरी. म्हणजे अमेरिका, पुणे, नागझिरा, खेडची जगबुडी नदी असं फिरून हे आलंय. धारप वाचायचे असतील तर ऑनलाइन शोधत बसू नका. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. तिथल्या पुठ्ठा बांधलेल्या, कोपरे दुमडलेल्या धारपांची मजा वेगळी. असो.

सिनेमा संपला. बाबा स्टेशनपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, आवडला नाही, पैसे वाया गेले म्हणणार. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना एकदम म्हणाले, "त्या पोराने बरं केलं. मला नऊ-दहा वर्षांचा असतानाच शिकवलं होतं."

मी म्हटलं, "काय शिकवलं?"

"आकडा."

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आकडा म्हणजे काय ते माहीत नसेल. मटका. कल्याण मटका हे नाव ऐकलं असेल तर एक गैरसमज आधी दूर करतो, मलाही तो परवापर्यंत होता. त्याचा आपल्या कल्याणशी संबंध नाही. कल्याणजी भगत नावाच्या माणसाने १९६२ मध्ये वरळीला तो सुरू केला, म्हणून कल्याण. त्याआधी न्यूयॉर्कहून कापसाचे भाव मुंबईत यायचे, त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ते बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. ओपनचा एक आकडा, क्लोजचा एक आकडा, दोन्ही मिळून जोडी. एक आकडा लागला तर रुपयाला नऊ, जोडी लागली तर रुपयाला नव्वद. जरा डोकं लावा: शून्य ते नऊ दहा आकडे, आणि देतात नऊ. जोड्या शंभर, आणि देतात नव्वद. प्रत्येक रुपयातले दहा पैसे आधीच गेलेले. गिरणी कामगारांच्या वस्तीत हे घराघरात होतं.

आमचे आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, परळला गिरणीत होते. राहायला डोंबिवली पूर्वेला चाळीत. त्यांची एक वही आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. लहानपणी मी बघितली होती, मला वाटायचं वाण्याचा हिशेब. ती स्वप्नांची वही होती. डावीकडे स्वप्न, उजवीकडे आकडा. विहीर, वरात, पडलेला दात, मेलेला भाऊ जेवायला बसलाय. प्रत्येकासमोर आकडा. काही ठिकाणी बरोबरची खूण. खुणा फार कमी आहेत, मी मोजल्यात.

चिठ्ठी घेऊन बुकीकडे जायचं काम बाबांचं. लहान पोराला कोण अडवतं? अण्णांनी त्यांना सगळं शिकवलं. चिठ्ठी मुठीत नाही धरायची, चड्डीच्या नाडीत खोचायची. पोलीस दिसला तर पळायचं नाही, गोट्या खेळायला बसायचं. हे सांगताना प्लॅटफॉर्मवर बाबा हसत होते.

मग एके दिवशी सकाळी बाबांनी सहज सांगितलं की मला स्वप्नात पांढरी म्हैस दिसली. अण्णांनी हिशेब केला, चार पाय, दोन शिंगं. ४२. दोन रुपये लावले. आणि ४२ आला. एकशे ऐंशी रुपये.

झालं. पोराला दृष्टी आहे. अण्णांच्या आजीला म्हणे गावाला अंगात यायचं, तिचंच याच्यात आलंय. चाळभर झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, तोंड धुवायच्या आधी, "काय पडलं?" आधी अण्णा. मग शेजारचे. मग पुढच्या चाळीतले. येताना कुणी श्रीखंडाच्या गोळ्या आणायचं, कुणी बोरकूट. सणाला पहिली पुरणपोळी याला. शाळेत नापास होणारा मुलगा, घरात सगळ्यात धाकटा, ज्याला कुणी काही विचारायचं नाही, त्याला मोठी माणसं वाकून विचारतायत.

मी विचारलं, "पण तुम्हाला खरंच स्वप्नं पडायची?"

"पहिल्या आठवड्यानंतर नाही. मी बनवायचो."

आणि मंडळी, हे मला फार शिकण्यासारखं वाटलं. अकरा वर्षांच्या मुलाला आपोआप कळलं की स्वप्न नेमकं सांगायचं नाही. म्हैस सांगितली की एकच आकडा निघतो आणि चुकतो. पण नदी, नदीवर पूल, पुलावर माणसं, एकाच्या हातात छत्री असं सांगितलं की ज्याने त्याने आपापला आकडा काढायचा. कुणी माणसं धरायचं, कुणी छत्रीच्या काड्या. ज्याचा लागला तो म्हणायचा, पोराने सांगितला. ज्याचा गेला तो म्हणायचा, आपणच चुकीचा अर्थ लावला. पोराचं कधीच चुकत नाही. लोकलच्या डब्यात बाबा बंगालींचे स्टिकर चिकटवलेले असतात ना, त्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. मी गमतीत म्हटलं, बाबा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा असता तर तुम्ही आत गेला असतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "मला ते फार आवडायचं रे. रात्री झोपताना उद्या काय सांगू याचाच विचार. शाळेत पण तेच."

इथे मला माझं सांगावं लागेल, कारण त्याच प्लॅटफॉर्मवर मीही बाबांना पहिल्यांदा सांगितलं.

२०२३ मध्ये मी ऑप्शन्समध्ये पडलो. ऑफिस वागळे इस्टेटला. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मी गाडीत, दिवा गेलेलं असतं, मुंब्र्याचा डोंगर उजव्या-डाव्या कुठल्या बाजूला आहे तेही बघायचो नाही. पहिल्याच गुरुवारी, एक्स्पायरीच्या दिवशी, ४,२०० चे ११,००० झाले. मी काही अभ्यास केला नव्हता. वाटलं म्हणून घेतलं. पण जेवायच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा मी अभ्यास केल्यासारखं सांगितलं. सपोर्ट, ब्रेकआउट, असले शब्द टाकले. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर डबा उघडायच्या आधी, "काय रे, आज काय?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण पैसे गेले तेव्हा मला त्याचं तेवढं वाईट वाटलं नाही जेवढं "आज काय" बंद होईल याचं वाटलं. म्हणून गेलेले सांगितलेच नाहीत. टेलिग्रामवर एक चॅनेल लावलं होतं, तिथून टिपा उचलायच्या आणि स्वतःच्या म्हणून द्यायच्या. ही चॅनेलं कशी चालतात माहितीये? एका ग्रुपला सांगतात बाजार वर जाणार, दुसऱ्या ग्रुपला सांगतात खाली. एक ग्रुप खूश होतो, त्याला पुन्हा अर्धा करायचा. चार-पाच वेळा असं केलं की थोडे लोक उरतात ज्यांच्या दृष्टीने हा माणूस देव आहे. मी त्या थोड्यांत होतो बहुतेक. बाबांच्या पुलावरच्या छत्रीपेक्षा हे फार वेगळं नाही.

आठ महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. आम्ही सिनेमा बघितला त्यानंतर दहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, सेबीचा अहवाल आला. तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी साधारण दोन लाख. म्हणजे मी अगदीच सरासरी माणूस निघालो. तोट्यातसुद्धा विशेष काही करता आलं नाही. तिशीच्या आतली पोरं एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली होती. ती पोरं कुठली, तर अशीच, फास्ट लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून उभी असलेली.

तर मी बाबांना आकडा सांगितला, एक लाख ऐंशी. मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर कर्ज किती विचारतील. त्यांनी विचारलं, "लावायला कुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, दोघांना.

"त्यांचे किती गेले?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी शेजारच्या काकूंचं सांगितलं. १९८२, जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद. तुम्हाला वाटेल आकडा कमी झाला असेल. बाबा म्हणतात, पहिले काही महिने वाढला. पूर्वी लोक गंमत म्हणून विचारायचे, आता डोळ्यांत बघून विचारायचे. काकूंचे यजमान पण गिरणीतच. एका सकाळी काकू आल्या आणि म्हणाल्या, बाळा, आज नीट आठवून सांग. बाबांनी काहीतरी सांगितलं. काय ते त्यांना आठवतंय, पण मला सांगितलं नाही. काकूंनी गळ्यातलं मोडलं होतं. गेलं सगळं.

"मला वाटलं आता येऊन मारतील," बाबा म्हणाले. "मी दिवसभर गच्चीवर लपून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हातात वाटी, वाटीत गूळ-शेंगदाणे. म्हणाल्या, काल माझंच चुकलं बाळा, मी उलटा आकडा घेतला. आज काय पडलं?"

गाडी आली. गर्दी होती, आत शिरलो. ठाकुर्लीपर्यंत बोलता आलं नाही. डोंबिवलीला उतरल्यावर जिना चढताना मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"मला स्वप्नं पडत नाहीत म्हणून सांगितलं. त्या वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या."

अण्णांनी त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी विचारलं. आधी लाडाने, मग पट्ट्याने. त्यांना खात्री होती की पोराकडे आहे आणि तो मुद्दाम देत नाही. बाबांनी एकदाही सांगितलं नाही. गिरणी काही परत सुरू झाली नाही, अण्णा पुढे वॉचमन झाले, वही लिहीत राहिले. शेवटच्या पानांवर फक्त आकडे आहेत, स्वप्नं नाहीत.

सिनेमात विनायक शेवटी लंगोटच्या लंगोट पळवायला जातो, शापाने सडतो, आणि त्या अवस्थेतही मुलाला तो लंगोट देऊ करतो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते सगळं. पांडुरंग घेत नाही, बापाला जाळतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हा शेवट थोडा सोपा वाटला होता. असं एका क्षणात कुणी नाही म्हणतं का? आता वाटतं, सिनेमाला एका क्षणात दाखवावं लागतं. बाबांना ते रोज सकाळी करावं लागलं.

मी त्या दोघांना भेटलो. एकाचे चौदा हजार गेले होते, तो म्हणाला सोड. दुसऱ्याचे किती गेले ते त्याने सांगितलं नाही. नाक्यावर चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, आणि निघताना त्याने विचारलं, "पण तुला काय वाटतं, निफ्टी इथून कुठे जाईल?" मला तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. खरंच आलं होतं, आकड्यासकट. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो मी काहीतरी लपवतोय अशा नजरेने बघत राहिला.

ॲप काढून टाकलंय. दोनदा परत टाकलं होतं, तेही सांगून ठेवतो. आता तिसऱ्यांदा काढलंय.

परवा रात्री रेकॉर्डिंगची तयारी करत जागा होतो. बाबा हॉलमध्ये झोपतात. दोनच्या सुमाराला ते झोपेत काहीतरी बोलत होते, स्पष्ट नाही, पण बराच वेळ. सकाळी चहा घेताना मी सहज विचारलं, काल काय स्वप्न पडलं होतं?

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुठे काय."